किटली कूल, मूठ गुल!

जानेवारीतला शनिवार. देगलूरजवळचं आमचं शेत. आगटीभोवती पुण्याहून आलेली आमची सहा जणांची गँग, तळहातावर चोळलेला गरमागरम हुरडा, वाटीत तिळाची चटणी आणि बाजूला तीन दगडांवर विराजमान झालेली माझी नवीकोरी काळी किटली. तिचे फोटो काढून झाले होते. स्टेटसला टाकूनही झाले होते. एवढ्यात तिनं शिट्टी मारली. आमच्या टीममधला टेस्टर उठला, रुमालानं मूठ धरली, किटली उचलली आणि चहाच्या भगुन्याकडे निघाला. दोन पावलं ठीक गेली. तिसऱ्या पावलाला मूठ हातात राहिली आणि किटली खाली.

पाऊण लिटर उकळतं पाणी. त्याच्या डाव्या पायावर.

तीन तासांनी दवाखान्यातून पट्टी बांधून परत आल्यावर तो म्हणाला, ‘बग सापडला. सिव्हिअरिटी वन.’ तेव्हा सगळे हसलो. पण त्या क्षणी कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. पार्टी माझी, शेत आमचं, किटली माझ्या पसंतीची. ‘चला रे, माझ्या गावाला, एकदम हटके वीकेण्ड करू’ असं महिनाभर ऑफिसात सांगत फिरणारीही मीच.

किटलीची गोष्ट सांगणारच आहे, पण त्याआधी पायाची. आमच्यापैकी एक जण बॅगेतली टूथपेस्ट घेऊन धावला, काकू हळद आणायला निघाली, कुणीतरी थंड पेटीतल्या बर्फाकडे बघायला लागलं. ऑफिसातल्या कंटाळवाण्या फर्स्ट एड ट्रेनिंगमधलं एकच वाक्य मला आठवलं : भाजल्यावर वीस मिनिटं साधं गार पाणी. वाहतं पाणी. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. शेतात लाइटची पाळी रात्रीची होती, म्हणजे मोटार बंद. काकांनी त्याला उचलूनच हौदाच्या कठड्यावर बसवलं, ओला मोजा हळूच काढला आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. मी घड्याळ बघत होते. वीस मिनिटं किती मोठी असतात हे तेव्हा कळलं. मग स्वच्छ ओढणी सैलसर गुंडाळली आणि गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलंत ते बरं केलंत, फोड आलेत ते फोडू नका. दोनेक आठवडे साहेब ऑफिसात एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून फिरत होते. तेवढ्यावर निभावलं.

आता आरोपी नंबर एक. ही किटली मी तीन संध्याकाळी मोबाइलवर घालवून निवडली होती. मॅट ब्लॅक फिनिश, वर ऐटबाज कमान असलेली बेकेलाइटची मूठ, तोटीवर शिट्टीचं झाकण, झाकण उघडायला अंगठ्याखाली छोटासा खटका. वर्णनात लिहिलं होतं की घरी आणि कॅम्पिंगला दोन्हीकडे चालते. मी ‘कॅम्पिंग’ हा शब्द वाचला आणि विषय संपवला. लाकडाच्या जाळावर चालते की पिकनिकला नेतात त्या छोट्या गॅस स्टोव्हवर, हा प्रश्न मला पडलाच नाही. संध्याकाळी काकांनी ती राखेतून उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि शांतपणे म्हणाले, ‘गॅसवरचं भांडं हाय हे, माय. जाळावर कशाला ठेवलीस?’

त्यांच्या त्या एका वाक्यात अख्खा फंडा होता. मला तो उलगडायला थोडा वेळ लागला.

खालून आणि चहूकडून

गॅसची ज्योत आखूड असते, निळी असते आणि भांड्याच्या बुडाखाली शहाण्यासारखी बसून राहते. लाकडाची ज्योत तशी नाही. ती फूटभर उंच जाते, वाऱ्याबरोबर वाकते, किटलीला चहूबाजूंनी मिठी मारते. गॅस किटलीला खालून तापवतो, जाळ सगळीकडून. फरक एवढाच आहे, पण किटली निवडताना तोच सगळ्यात मोठा आहे.

म्हणजे बघा. किटलीच्या ज्या पत्र्याला आतून पाणी लागलेलं आहे तो पत्रा फारसा तापत नाही. पाणी उष्णता ओढून घेतं आणि स्वतः शंभर अंशांच्या आसपास थांबतं. त्यामुळे बुडाखाली कितीही भडका असू दे, पाणी आहे तोवर बूड सुरक्षित. पण पाण्याच्या रेषेच्या वर काय काय असतं? तोटीचं तोंड. झाकणाची गुंडी. शिट्टी. मुठीचे कान. स्क्रू. म्हणजे किटलीचे सगळे नाजूक अवयव नेमके तिथं, जिथं त्यांना वाचवायला पाणी नाही! घरच्या गॅसवर तिथं ज्योत पोचत नाही म्हणून चालून जातं. जाळावर ज्योत आधी तिथंच पोचते.

बेकेलाइट वितळत नाही, हे खरं. म्हणून तर कुकरच्या मुठी त्याच्या करतात. पण थेट ज्योतीत ते करपतं, ठिसूळ होतं, तडकतं. माझ्या किटलीची मूठ स्क्रूपाशी अशीच आतून कोळसा झाली होती. वरून दिसायला मस्त काळी... आणि ती मुळातच काळी, त्यामुळे करपलेलं कुणाला कळणार? शिट्टीचा प्लास्टिकचा खटका तर केव्हाच मान टाकून बसला होता. शिट्टी वाजली म्हणून आम्ही खूश. बॉस, ती शिट्टी नव्हती, वॉर्निंग होती.

(घरी गॅसवरही हीच चूक आपण छोट्या प्रमाणात करतो. किटली छोटी, बर्नर मोठा आणि आपल्याला मीटिंगची घाई. ज्योत बुडाबाहेर येऊन बाजूनं वर चढते. गॅसही वाया, मूठही वाया.)

चाचांचं दुकान

दुसऱ्या दिवशी बाकीची गँग देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं बघायला गेली. टेस्टर साहेब पाय उशीवर ठेवून काकूच्या हातचं खात बसले. मी आणि काका बाजारात.

देगलूर म्हणजे तेलंगणाच्या उंबऱ्यावरचं गाव, कर्नाटकही जवळच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं देगलूर तालुक्यातच होती, मग ती आंध्रात गेली आणि आता तेलंगणात आहेत. भांड्यांच्या दुकानात उभं राहिलं की नकाशावरची रेघ विसरायला होतं. एकजण तेलुगूत भाव करतो, दुसरी कन्नडमध्ये नाक मुरडते आणि गल्ल्यावरचे चाचा दोघांनाही दखनीत उत्तर देतात. चाचांनी कालची हकिगत ऐकली, चुकचुकले आणि माझ्यापुढे ओळीनं सात-आठ किटल्या मांडल्या. पाठोपाठ एक पाण्यानं भरलेला जग. ‘पैले पानी भरके देखो, बाद में पैसे देओ.’

मी ऑनलाइन पिढीची. भांडं विकत घेण्याआधी त्यात पाणी भरून बघता येतं हेच मी विसरले होते. पुढचा पाऊण तास मी दुकानाच्या पायरीवर किटल्या भरत आणि ओतत बसले होते, आणि सांगते, तीन संध्याकाळच्या स्क्रोलिंगमध्ये कळलं नाही ते त्या पाऊण तासात कळलं.

पहिली किटली दिसायला देखणी, पण ओतताना पाणी तोटीच्या खालून ओघळत बुडापर्यंत यायचं. तोटीची कड जाड आणि गोलसर होती. कड पातळ आणि बाहेर वळलेली असली की धार चटकन तुटते. दुसरीची तोटी इतकी बुटकी, की झाकणापर्यंत पाणी भरलं तर नुसती उचलली तरी तोटीतून सांडायचं. म्हणजे नावाला एक लिटर, खरी पाऊण. जाळावर तर पाणी उसळतं, तोटीतून पिचकाऱ्या उडतात, खाली निखारे फुसफुसतात. तोटीचं तोंड निदान झाकणाच्या काठाइतकं उंच हवंच. तिसरी ओतताना बरी होती, पण शेवटचा कप ओतायला पूर्ण वाकवली की झाकण धाडकन पुढे यायचं. उकळत्या पाण्याबरोबर झाकण आणि वाफ दोन्ही बोटांवर. चाचांनी ती मुकाट्यानं मागे सरकवली, जणू तिची लाज वाटली.

मग कडीचा मुद्दा. जाळासाठी मूठ नको, कडी हवी, बादलीला असते तशी. जाड तारेची, पूर्ण धातूची. पण नुसती लोंबकळणारी कडी ही वेगळीच डोकेदुखी : ती एका बाजूला पडून राहते आणि ज्योतीत तापते, मग उचलायची कशी? काकांनी एक किटली काढली. तिच्या कानाला छोटी खाच होती. कडी वर केली की त्या खाचेत अडकून उभी राहायची. ज्योतीपासून जरा लांब आणि काठी किंवा आकडा घालून उचलायला मोकळी. ‘ही बघ,’ म्हणाले. बास. काका भांड्याबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

कान कशानं लावलेत तेही बघा. रिबीट मारलेले असतील तर हलवून बघा. वेल्ड केलेले असतील तर ठिपके-ठिपके आहेत की सलग शिवण आहे ते बघा. आणि तोटी? ती जर शिसं-कथलाचा डाग देऊन जोडलेली असेल, तर ती किटली जाळावर नेऊच नका. असा डाग दोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो. किटली आटली किंवा ज्योत तोटीच्या सांध्यावर चढली, की तोटी गळालीच म्हणून समजा. शिवाय चहात शिसं कुणाला हवंय? दुकानात वरच्या फळीवर एक जुनी पितळी किटली होती. हाय! मोराच्या मानेसारखी तोटी, पोटावर नक्षी. माझा जीव तिच्यात अडकला होता. चाचांनी ती खाली घेतली, सांध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, शोकेसमध्ये ठेवा, पोरी, पाणी नका पिऊ. गिऱ्हाईक हातचं घालवणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच बघितला.

धातूचं काय?

इथं सगळ्यांचे फंडे पक्के असतात आणि बहुतेक अर्धवट असतात. माझेही होते.

‘तांबं लवकर तापतं’ हे खरं आहे. तांबं स्टीलपेक्षा पंचवीसएक पट जास्त उष्णता वाहून नेतं. पण किटलीचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. एवढ्या पातळ पत्र्यातून पार व्हायला उष्णतेला कुठल्याच धातूत फार वेळ लागत नाही. पाणी किती लवकर उकळणार हे ठरतं बुडाच्या रुंदीवर, झाकणावर आणि वारा अडवलाय की नाही यावर. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतातच, किटली राजाची असो की टपरीची. साधारण एका फुलक्याएवढ्या! म्हणून उंच, सडपातळ, मॉडेलसारख्या किटलीपेक्षा बसकी, रुंद बुडाची, घरंदाज किटली केव्हाही सरस. ती दगडांवर डळमळतही नाही.

तांब्या-पितळेला आतून कल्हई लागते, आणि कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंशांवर वितळतं. गप्पांच्या नादात पाणी आटलं की कल्हई वितळून गोळा होते. पुण्यातला कल्हईवाला शोधायला मग सुट्टी काढावी लागते. तामचिनीची किटली फोटोत जीव घेते, जाळालाही घाबरत नाही. पण दगडावर आपटली की टवका उडतो, आणि टवका उडालेल्या जागी गंज धरतो.

उरले दोन उमेदवार : ॲल्युमिनियम आणि स्टील.

ॲल्युमिनियम म्हणजे आपली टपरीवरची किटली. हलकी, स्वस्त, वाकली तर ठोकून सरळ होते. पाठीवर सॅक घेऊन गड चढणाऱ्यांनी तिला नाव ठेवू नये. पण दोन पथ्यं. एक, रिकामी निखाऱ्यांवर विसरायची नाही; ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं आणि चांगले फुललेले निखारे तिथवर पोचू शकतात. पाणी आहे तोवर निर्धास्त. दुसरं, आंबट काही उकळायचं नाही. लिंबू, चिंच, ताक, काही नाही. आंबटात ॲल्युमिनियम विरघळतं.

आणि इथंच माझा निर्णय झाला. आमच्या शेतातलं बोअरचं पाणी जड आहे. चार वेळा उकळलं की किटलीच्या पोटात पांढरा थर बसतो. तो काढायला पाण्यात लिंबूसत्त घालून उकळावं लागतं, म्हणजे आंबटच की! ॲल्युमिनियमला ते चालणार नाही. म्हणून स्टील. (जाता जाता : पाणी खळखळून उकळलं की जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत आणि फ्लोराइडही जात नाही. पाणी आटलं तर उलट दाट होतात. मराठवाड्यात काही गावांच्या बोअरला फ्लोराइडचा त्रास आहे, तिथं किटली हा इलाज नाही.)

स्टीलच्या परीक्षेसाठी मी ऐटीत पर्समधून चुंबक काढला. फ्रिजवरचा, गणपतीचा. चिकटला नाही म्हणजे भारीतलं स्टील, असं मला कुणीतरी सांगितलेलं. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. भारीतलं म्हणजे ३०४ नंबरचं, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं, त्याला चुंबक चिकटत नाही हे बरोबर. पण निकेलऐवजी बरंचसं मँगनीज घातलेलं २०० नंबरच्या घरातलं स्वस्त स्टील असतं, त्यालाही चिकटत नाही! म्हणजे गणपतीला दोन्ही सारखेच. त्यापेक्षा छाप वाचावी. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. स्टीलसाठी आयएस १४७५६, ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६०. बुडाखाली किंवा खोक्यावर हे आकडे शोधा.

चुंबक मात्र फेकू नका. पीजीत राहणाऱ्या आणि इंडक्शनवर मॅगी करून जगणाऱ्या तमाम जनतेसाठी तो कामाचा आहे. किटलीच्या बुडाला चुंबक चिकटला तरच ती इंडक्शनवर तापेल.

चहा किटलीत होत नाही

आता जरा भांडण. परदेशी कॅम्पिंगचे व्हिडिओ बघून आपण किटली घेतो, आणि पुण्यात आल्यावर तीत दूध, साखर, आलं, पत्ती सगळं घालून उकळतो. मग दूध तोटीतून बाहेर, साय जाळीत, पत्ती तोटीच्या वळणात, आणि चार दिवसांनी आतून असा वास, की विचारू नका. त्यांच्या चहाला फक्त उकळतं पाणी लागतं. किटली त्यासाठीच जन्मली. आपला चहा हा स्वयंपाक आहे! तो भगुन्यात शिजतो, गाळला जातो आणि मग किटलीत बसून गिऱ्हाइकापर्यंत जातो. टपरीवाल्याची किटली चुलीवर कमी आणि हातात जास्त असते, हे कधी नीट बघितलंय?

म्हणून आधी ठरवा, किटलीत काय जाणार. फक्त पाणी जाणार असेल तर तोंड लहान चालेल. चहा जाणार असेल तर आत हात गेलाच पाहिजे. मूठ वळवून तळाला बोटं टेकली पाहिजेत. तोटीच्या मुळाशी जाळी नसलेली बरी. गाळणी वेगळी ठेवा. आमच्या शेतावर हल्ली पद्धत अशी : किटलीत पाणी उकळायचं, भगुन्यात पत्ती, आलं आणि गूळ. दूध दुसरीकडे तापवून शेवटी, भगुनं खाली उतरवल्यावर. गुळाच्या चहात दूध घालून उकळलं की बऱ्याचदा फाटतं, आणि मग सहा जण तुमच्याकडे बघत बसतात.

एका मित्रानं सुचवलेली आयरिश ‘केली केटल’ही मी बघितली होती. आयर्लंडच्या मेयो परगण्यातलं एक कुटुंब १८९० च्या दशकापासून ती बनवतंय. मधे पोकळ धुराडं, भोवती पाणी, धुराड्यात काटक्या पेटवायच्या. फोटो बघून मी ओरडलेच, अरे हा तर आजीचा बंब! तोच बंब, फक्त काखेत मावणारा. चार काटक्यांवर पाणी उकळतं, भन्नाट आयडिया आहे. पण तो गॅसवर चालत नाही. मला एकच भांडं दोन्हीकडे हवं होतं, म्हणून बाद.

माप? आपला कप १२० मिलीचा धरा. सहा जणांना सातशे वीस. किटली कधीच काठोकाठ भरायची नाही, म्हणून एक लिटरची. दोघांसाठी सहाशे मिलीची पुरते. त्याहून छोटी घ्याल तर गॅसच्या जाळीच्या दांड्यांमध्ये ती कलंडते, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. बर्नरवर ठेवायची एक छोटी लोखंडी जाळी मिळते, ती घ्या.

शेवटी मी घेतली ती अशी : स्टील, एक लिटर, रुंद बूड, रुंद तोंड, खाचेत उभी राहणारी कडी, झाकणाची गुंडी स्टीलचीच, तोटी सलग वेल्ड केलेली. शिट्टी नाही. रंग नाही. साडेसहाशे रुपये. मॅट ब्लॅकच्या तिसऱ्या हिश्श्यात. काकांनी शेतासाठी एक ॲल्युमिनियमची घेतली, तयार चहा बांधावर न्यायला. ती वजनावर.

त्या संध्याकाळी काकांनी मला चूल मांडायला पुन्हा शिकवलं, अगदी पहिलीतल्या पोरीला शिकवावं तसं. दगड शेतातले, कोरडे. लेंडी नदीच्या पात्रातले नकोत. पाणी मुरलेला दगड जाळात तडकून उडू शकतो. किटली भडक्यावर नाही, निखाऱ्यांवर. किटली चढवण्याआधी तिला बाहेरून राखमातीचा लेप, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. शहरी लोकांनी भांड्याचा साबण ओला करून फासला तरी तेच काम होतं. न्यायला एक जुनी कापडी पिशवी, नाहीतर सॅकमधला लॅपटॉपही मॅट ब्लॅक होतो.

यंदाच्या वेळ अमावस्येला गँग पुन्हा आली. काकू उदगीरची, त्यामुळे आमच्याकडे कडब्याची कोप, भज्जी, आंबील, सगळं साग्रसंगीत असतं. टेस्टर आला तो चक्क ट्रेकिंगचे बूट घालून. आल्या आल्या मदतीच्या उत्साहात त्यानं आंबील काकांच्या ॲल्युमिनियमच्या किटलीत ओतायला घेतली आणि काकू अशी ओरडली, की शेजारच्या शेतातले लोक उठून उभे राहिले. चारच्या सुमारास निखारे तयार झाले. मी स्टीलची किटली पिशवीतून काढली. त्यानं ती माझ्या हातातून घेतली. कडी खाचेत अडकवली, जोरजोरात हलवली, कान ओढून बघितले, झाकण लावून उलटी केली. मग पाणी भरून स्वतःच दगडांवर ठेवली आणि उकळेपर्यंत दोन पावलं लांब उभा राहिला. पाणी उकळल्यावर काठीनं कडी उचलून किटली खाली जमिनीवर ठेवली.

‘पास,’ म्हणाला. ‘गूळ कुठाय?’